किक बसते, इंजिन फिरतं, पण गाडी उठत नाही

चिपळूणच्या गॅरेजमध्ये कामाला लागून मला तिसरा महिना चालू होता. पावसाचे दिवस. एक गुरुजी सकाळी शाळेला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून गाडी ढकलत आमच्याकडे आले. शंभर सीसीची, चौदा वर्षं चाललेली गाडी. किक मारली की इंजिन व्यवस्थित फिरायचं, पण उठायचं नाही. उस्ताद स्पेअर पार्ट आणायला गेले होते. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलची दोन वर्षं करून मी नुकताच आलो होतो. कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाला, कचरा आला असेल, असं मीच ठरवलं आणि कार्बोरेटर उतरवला. खोलला, धुतला, फुंकला, बसवला. गाडी उठली नाही. पुन्हा उतरवला. दोन तास गेले, गुरुजींची शाळा चुकली. उस्ताद आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "प्लगला करंट बघितलास का रे?"

मी बघितला नव्हता. करंट म्हणजे प्लगवर पडणारी ठिणगी.

त्यांनी साइड कव्हर काढलं, सीडीआयच्या, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, कनेक्टरमधली काळी-पांढरी वायर सोडवली आणि मला किक मारायला सांगितली. पहिल्या किकला गाडी उठली. किल्लीच्या स्विचमध्ये पाणी गेलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण पावसाळ्यात हा फॉल्ट पुन्हा पुन्हा भेटतो. जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत सीडीआय मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून, येणाऱ्या करंटवर चालतो. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी अशी गाडी किकवर उठते. मग किल्ली काय करते? किल्ली बंद केली की ती काळी-पांढरी वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या चॅसीला, जोडली जाते, सीडीआयचा करंट चॅसीत जातो आणि इंजिन थांबतं. म्हणजे इग्निशनपुरतं बघितलं तर तो स्विच गाडी चालू करत नाही, फक्त बंद करतो. आत पाणी गेलं, गंज चढला किंवा हेडलाइटच्या मागे वायरचं कातडं सोलून ती चॅसीला लागली, की किल्ली चालू असूनही गाडीच्या दृष्टीने ती बंदच असते. वायर सोडवून करंट आला तर दोष स्विचचा किंवा त्या वायरचा. मात्र वायर सोडलेली गाडी गिऱ्हाइकाला कधी देऊ नका. ती किल्लीने बंद होत नाही आणि चोरालाही किल्ली लागत नाही. स्विच वाळवा, साफ करा, नाहीतर नवीन बसवा.

त्या दिवसापासून उस्तादांनी मला एक शिस्त लावली: पाना हातात घ्यायच्या आधी काय कमी पडतंय ते शोधायचं. इंजिन पेटायला योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, योग्य वेळी करंट आणि पुरेसं कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, लागतं. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, म्हणजे यातलं काहीतरी एक गायब आहे. कुठलं, ते कळेपर्यंत काही खोलायचं नाही.

हे सगळं मी कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल लिहितोय. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे नवे नियम आले आणि नव्या गाड्या जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांची तपासणी वेगळी. पण हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, स्प्लेंडर १९९४ला, आणि त्या पिढीच्या गाड्या आजही गावोगाव दुधाच्या किटल्या नि माशांच्या पाट्या वाहतायत. नव्याने गॅरेजमध्ये येणाऱ्या पोराला रोज याच गाड्या भेटणार.

सुरुवात गिऱ्हाइकाला विचारण्यापासून करा. शेवटची कधी चालली? चालता चालता बंद पडली की रात्री उभी केली ती सकाळी उठली नाही? गाडी धुतली होती का? पेट्रोल कधी भरलं? मध्ये कोणी काही खोललं का? आचके देत बंद पडली असेल तर माझा संशय आधी पेट्रोलवर जातो. दिवा विझावा तशी एकदम बंद पडली असेल तर करंटवर. हा नियम नाही, अंदाज आहे, पण तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावरून ठरतं.

मग टाकीचं झाकण उघडून डोळ्यांनी पेट्रोल बघा. कॉक चालू आहे का, रिझर्व्हवर काही फरक पडतो का, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) असेल तर तो कुठे आहे, प्लगची कॅप घट्ट बसली आहे का. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. किल स्विच चुकून दाबलेल्या गाड्या आमच्याकडे टेम्पोतून आल्या आहेत.

आता प्लग. मला विचाराल तर तपासणीतली सगळ्यात जास्त माहिती प्लग देतो. पाच-सात किका मारा आणि प्लग काढा. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना बारीक, दहा मिमी आट्याचा प्लग असतो, त्याला सोळाचा प्लग पाना लागतो. काढायच्या आधी भोवतालची माती फुंकून टाका, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. पेट्रोलने चिंब असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाहीये, किंवा चोक ओढून (चोक हवा कमी करतो) किका मारून मारून ओव्हर झालंय, म्हणजे आत जादा पेट्रोल साठलंय. काजळीने मऊ काळा झाला असेल तर पेट्रोल जास्त नि हवा कमी. एअर फिल्टर बघा. तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय.

ओव्हर झालेल्या गाडीचा उपाय सोपा आहे. पेट्रोल कॉक बंद, चोक बंद, अॅक्सिलेटर पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ किका. आतलं जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. तरी नाही जमलं तर प्लग काढून वाळवा. प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवा. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. तिरका घातलेला प्लग पान्याने आवळला की आटे जातात, आणि चहाच्या पैशातलं काम हजारावर जातं.

करंट बघायची पद्धत प्रत्येक जण शिकतो, पण घाईत चुकतो. प्लग कॅपमध्ये घाला, प्लगचं लोखंडी अंग हेडच्या कोऱ्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लग मोकळ्या भोकापासून लांब ठेवा, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ओव्हर झालेल्या गाडीवर तर आधी पेट्रोल उडून जाऊ द्या. विडी-सिगारेट कोणाच्याही हातात नको. प्लग बोटांनी धरू नका, रबरी मुठीची पक्कड वापरा. आणि कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक कधीच मारू नका. करंटला वाट मिळाली नाही की त्याचा ताण कॉइल आणि सीडीआयवर येतो.

निळी, टचटच वाजणारी ठिणगी चांगली. नारिंगी, बारीक ठिणगी कमजोर. पण बाहेर दिसलेला करंट दाबाखाली टिकेलच असं नाही. म्हणून एक चांगला, चालू गाडीवर तपासलेला प्लग पेटीत कायम ठेवा आणि पहिली बदली त्याचीच करून बघा.

करंटच नसेल तर प्लगकडून मागे चालत जा. कॅप वायरवर आट्यांनी बसलेली असते, ती फिरवून काढा. वायरचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटीमीटर कापा आणि कॅप पुन्हा बसवा. पावसाळ्यात कितीतरी गाड्या एवढ्यावर उठतात. मग काळी-पांढरी वायर सोडवून बघा. मग मल्टिमीटर. प्लगच्या वायरला जोडलेल्या इग्निशन कॉइलला दोन वेटोळी असतात: सीडीआयवाल्या गाडीत प्रायमरीत, म्हणजे सीडीआयच्या बाजूला, एक ओहमपेक्षाही कमी दिसतं, सेकंडरीत, म्हणजे प्लगच्या बाजूला, काही किलो-ओहम. मॅग्नेटच्या प्लेटमधल्या कॉइल ओपन, म्हणजे आत तुटलेल्या, दाखवत असतील तर प्लेट गेली. सीडीआय घरी मोजता येत नाही, म्हणून तो शेवटी, आणि दुसऱ्या चालू गाडीचा लावून बघायचा. अंदाजाने सीडीआय विकत आणणं हा नवीन पोरांचा सगळ्यात महागडा छंद आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून गाडी उठली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि गिऱ्हाइकाला तिन्हींचे पैसे पडतात.

जुनी बुलेट आली तर सीडीआयऐवजी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, असतात. त्यांची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. पॉइंटवर तेलाचा पातळ थर बसला तरी करंट गायब होतो. स्वच्छ कोरा कागद मध्ये धरून ओढला तरी पुष्कळदा काम होतं. तिथे बॅटरी चांगली लागते. सेल्फवाल्या, बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या गाड्यांचंही तसंच. बॅटरी उतरलेली असली तर सेल्फ सगळा जीव ओढून घेतो, इंजिन फिरतं, पण करंट तयार व्हायला व्होल्टेज उरत नाही. सेल्फ पाच सेकंदांच्या वर दाबून ठेवू नका, मध्ये विश्रांती द्या.

करंट चांगला आणि प्लग कोरडा, तर पेट्रोलकडे वळा. इथेही थेट कार्बोरेटर उतरवायचा नाही. कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठवणारी वाटी असते, तिला बाऊल म्हणतात. बाऊलच्या खाली पेट्रोल सोडायचा एक ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली काचेची बाटली धरा आणि स्क्रू सैल करा. काहीच आलं नाही तर अडथळा वर आहे: कॉकची जाळी, पाइप, नाहीतर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येऊन गाडी उठली तर तोच दोष. बाटलीत पेट्रोल आलं तर दोन मिनिटं थांबा. तळाशी वेगळा थर किंवा मोत्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. एका मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटरला जातं ते तळाचंच. कोकणच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आधी रिकामी करा.

अजून एक चाचणी फार कामाची आहे. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे चार थेंब टाका, सांडलेलं पुसा, प्लग बसवा, किक मारा. दोन-तीन ठोके पडून इंजिन बंद झालं, तर करंट आणि कंप्रेशन ठीक आहे आणि पेट्रोल पोचत नाही, याची खात्री झाली. आता कार्बोरेटर खोला. पायलट जेट, म्हणजे कमी वेगावर पेट्रोल देणारी बारीक नळी, तिचं भोक केसाएवढं असतं, ते उजेडाकडे धरून बघा. जेट पितळेचं असतं, त्यात तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा.

कंप्रेशनसाठी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची. अंगठा उडाला पाहिजे. किक एकदम हलकी पडत असेल तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची फट, बघा. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, ती संपली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही. चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये टाकून कंप्रेशन वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. तेव्हा मात्र उस्तादांना हाक मारा.

हे सगळं माझ्या हातात बसलं ते २०२१ च्या पुरानंतर. २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत घुसलं. पाणी ओसरल्यावर आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागली. उस्तादांनी पहिल्या दिवशी बजावलं, "किक कोणी मारायची नाही." सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर पाणी दाबलं जात नाही, आतला लोखंडी भाग वाकतो. आधी प्लग काढायचे, चहासारखं झालेलं ऑइल सोडायचं, प्लग काढलेलाच ठेवून हळू किक मारून पाणी बाहेर काढायचं, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं. टाकी, बाऊल, एअर फिल्टर, सायलेन्सर, सगळं रिकामं. मग नवं ऑइल, आणि गाडी थोडी चालली की पुन्हा नवं. त्यानंतरही ज्या उठत नव्हत्या, त्या एकेक करून याच क्रमाने तपासल्या. लोकांची घरं गेली होती, दुकानं गेली होती. कामावर जायला निदान गाडी तरी हवी होती. आम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात काम केलं. करंटची ठिणगी अंधारात छान दिसते, हे तेव्हा कळलं.

त्याच दिवसांत मी वही घातली. गाडीचा नंबर, तक्रार, काय तपासलं, काय सापडलं, किती वेळ लागला. सुरुवातीला पेटीत एवढं असलं तरी पुरतं: प्लग पाना, आठ-दहा-बाराचे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फट मोजायचं फीलर गेज, साधा मल्टिमीटर, काचेची बाटली. आणि वही.

आता माझ्याकडेही एक मुलगा शिकतोय. गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्यांची गाडी आली, शिमग्यापासून पडवीत उभी. मी दुसऱ्या कामात होतो. मुलाने जुनं पेट्रोल काढलं, जेट साफ केलं, तरी गाडी उठेना. माझ्याकडे न येता तो वही घेऊन बसला. नंतर मी वाचलं: "करंट निळा. कंप्रेशन आहे. प्लग ओला. सायलेन्सरला हात लावला, हवा येत नाही." सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. त्याने ते स्क्रू ड्रायव्हरने टोकरून काढलं, प्लग वाळवला. तिसऱ्या किकला गाडी उठली आणि ते काका त्याच गाडीवरून मखराचं सामान आणायला बाजारात गेले.