घोडेस्वारांनो, रील टाकताना या चुका टाळा

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत हल्ली प्रत्येक शिकाऊ स्वाराच्या इन्स्टाग्रामवर ‘इक्वेस्ट्रियन अ‍ॅथलीट’ लिहिलेलं असतं. ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीला, नीट उठबस जमत नाही, पण ड्रोन शॉट हवा. त्यांचं सोडा. ज्यांना स्पर्धा, शिकवणी किंवा दुसऱ्याचे घोडे तयार करण्यावर पोट भरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःकडे बघून व्हिडिओ निवडणं. पाठ ताठ, बूट चकाचक, मागे येऊरचा हिरवा डोंगर, झालं, टाकला. जाणकार माणूस मात्र आधी घोडा बघतो. कान मागे पाडलेत, शेपूट सारखी फटकारतोय, नाकपट्टी इतकी आवळलीय की खाली बोट जाणार नाही, म्हणजे घोडा त्रासलाय.

ठाण्यातला एक मुलगा शो जम्पिंगमध्ये नाव काढत होता. हात खरंच चांगला. एकदा सरावात घोडा दोनदा अडला. तिसऱ्यांदा याने उडी मारून घेतली आणि पलीकडे उतरल्यावर दोन चाबूक ओढले. त्याचीच रील केली, वर ढोलताशा, खाली ‘बॉस कोण ते कळलं का?’ अरे बाबा, उडी झाल्यावर मारलंस तर उडी मारली म्हणून मार बसला, एवढंच घोड्याला कळणार! फोन करून हे सांगितलं, तर म्हणाला, “सर, व्ह्यूज बघा ना.” व्ह्यूज भरपूर होते. त्यात घोड्याच्या मालकीणबाईही होत्या. घोडा लगेच दुसऱ्या तबेल्यात गेला. मग शनिवारच्या बॅचमधली पोरं एकेक करून गळाली. त्याने रील काढून टाकली, पण कुणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवली होती. स्पर्धा जवळ आली की ती अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

मी व्हिडिओ आवाज बंद करून बघतो, आधी नुसता घोडा. मग आमच्या मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याला, दाखवतो. तो स्वाराकडे ढुंकूनही बघत नाही. “सर, मागचा डावा पाय बघा,” म्हणाला की व्हिडिओ बाद. उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकायचं. हे ऐकून नव्या पोरांचे चेहरे पडतात. त्यांना खोगीर उतरवायच्या आधी पोस्ट हवी असते.

दुसरी चूक: मी टाकलं नाही म्हणजे बाहेर जाणार नाही, असं धरून चालणं. ब्रिटनची ड्रेसाज स्वार (ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) शार्लट दुजार्डिनने कुठे काय टाकलं होतं? शिकवताना तिने घोड्याच्या पायांवर लांब चाबूक मारले, कुणीतरी चित्रण केलं आणि ते काही वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर वर आलं. तिने माघार घेतली. नावावर सहा ऑलिंपिक पदकं असूनही पुढे वर्षभराची बंदी आली, वर १०,००० स्विस फ्रँक दंड. तबेल्यात आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चारचौघांत करवणार नाही ते एकट्यातही करू नका, दुसरा इलाज मला माहीत नाही.

आणि सापडलात तर सारवासारव नको. रेसच्या घोड्यांचा आयरिश ट्रेनर गॉर्डन इलियट याचा मेलेल्या घोड्यावर बसलेला फोटो २०२१ मध्ये फिरला. फोन आला आणि नकळत बसलो, असं स्पष्टीकरण त्याने दिलं. लोक आणखीच भडकले. एक वर्षाची बंदी झाली, त्यातले सहा महिने स्थगित. माफी मागायची तर दोन ओळीत मागा. कॉमेंटमध्ये भांडू तर मुळीच नका.

हेल्मेटशिवाय फोटो नको. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ड्रेसाजवाल्यांचीसुद्धा टॉप हॅट, ती उंच काळी टोपी, २०२१ पासून गेली.

पाम बीच रोडच्या डांबरावर घोडा दौडवणारी रील म्हणजे त्याच्या पायांची पर्वा नसल्याची जाहिरात.

रेसच्या तबेल्यात कामाला असाल तर ‘आज जरा लंगडतोय’ एवढंही लिहू नका. महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यावर पैसे लागतात.

फॉलोअर विकत घेणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि फार्मचं लोकेशन टॅग करू नका. रविवारी अर्धं वाशी गाजरं, बिस्किटं, उरलेले वडापाव घेऊन दारात उभं राहतं, आणि घोड्याला पोटशूळ झाला की डॉक्टरचं बिल मालक तुमच्या नावावर फाडतो.