बोट दाखवा आणि बोला: बारीकसारीक चुका टाळायची रेल्वेवाली ट्रिक

गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, हे नेमकं जिना उतरल्यावरच आठवतं ना? हात सवयीने काम उरकून मोकळा होतो आणि डोकं तेव्हा भलतीकडेच असतं. जपानी रेल्वेवाल्यांकडे यावर शंभरेक वर्षं जुना इलाज आहे, त्याला शिसा कान्को म्हणतात. जे तपासायचं त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि ते कसं आहे ते मोठ्याने बोलायचं, बास.

ऐकायला येडपट वाटतं, पण 1994 साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने चाचणी घेतली तेव्हा एरवी 100 कामांमागे 2.38 चुका होत होत्या, त्या बोट दाखवून बोलल्यावर 0.38 वर आल्या. नुसतं बोलून 1 आणि नुसतं बोट दाखवून 0.75. म्हणजे दोन्ही हवंच, पण बोट जरा जास्त भारी.

घरी करायचं तर आधी थांबा आणि वस्तूकडे खरंच बघा, मग हात पूर्ण लांब करून बोट दाखवा (खिशातून अर्धवट इशारा चालणार नाही) आणि बोला, "रेग्युलेटर बंद". नुसतं "रेग्युलेटर" नाही हां, इथेच बहुतेक लोक गंडतात, कारण नाव काय डोळे मिटूनही घेता येतं, पण बंद की चालू हे सांगायला बघावंच लागतं. जपानी लोक हात परत कानापाशी नेतात, खात्री करतात आणि मग "योशी!" म्हणत खाली आणतात, आपण "ओके" म्हटलं तरी चालेल. औषध देताना पाकिटावरच्या नावावर आणि डोसवर बोट, पैसे पाठवताना समोर आलेल्या नावावर आणि रकमेवर.

सगळीकडे मात्र करत सुटू नका, दोन-तीन महागात पडणाऱ्या जागा निवडा, नाहीतर त्याची पण पोपटपंची होते.

लाज वाटत असेल तर आपल्याकडचे लोको पायलट आणि त्यांचे असिस्टंट बघा, तेही हात दाखवून एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात. न्यूयॉर्कच्या सबवेत तर 1996 पासून कंडक्टर दारं उघडायच्या आधी समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बोर्डकडे नुसतं बोट दाखवतो, बोलत नाही. तेव्हा ऑफिसात मोठ्याने बोलायला कसंतरी वाटलं तर पुटपुटा, पण बोट सोडू नका.