एक्सल शाफ्ट आणि पॅकिंग बसवण्याआधीची तयारी

आधी एक्सलचा प्रकार बघा. जड वाहनांच्या फुल फ्लोटिंग एक्सलमध्ये वजन एक्सलच्या कवचावर (हाऊसिंगवर) असतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो, म्हणून तो हबमधून (चाक बसतं त्या भागातून) सरळ बाहेर ओढता येतो. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्ट वजनही पेलतो आणि बेअरिंग बहुतेक वेळा शाफ्टवरच दाबून बसवलेलं असतं. फुल फ्लोटिंगला कॅरिअरचं (डिफरन्शियलचे गिअर धरणाऱ्या भागाचं) पॅकिंग १, शाफ्टच्या फ्लँजची (टोकाच्या चकतीची) २, पिनियनचं (आत फिरणं आणणाऱ्या छोट्या गिअरचं) सील १, दोन्ही हबची सीलं आणि तेलाच्या बुचांचे वॉशर २, एवढं हाताशी ठेवा. जुनं पॅकिंग एकदा दाबलं गेलेलं असतं, ते परत लावू नका.

शाफ्ट धुऊन स्प्लाइन (टोकावरचे लांबट दात) निरखा. दातांची रेघ पीळ घेतल्यासारखी तिरपी दिसली तर शाफ्ट बाद, मग तो बाकी कितीही चांगला असो. सील जिथे फिरतं तिथे नख अडकेल एवढी खाच असेल, तर नवं सीलही गळणारच. कित्येक वाहनांत डावा आणि उजवा शाफ्ट लांबीला वेगळे असतात. काढतानाच खूण करा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सांध्याच्या पृष्ठभागांना. पॅकिंग बारीक उंचसखलपणा भरून काढतं, पण चिकटलेला जुना थर किंवा छिन्नीचा ओरखडा त्याला झाकता येत नाही. म्हणून फ्लँज सोडवताना फटीत छिन्नी घालू नका. स्टडवर चिरलेले शंकूच्या आकाराचे कॉलर असतील तर फ्लँजवर तांब्याच्या हातोडीने ठोका, ते सैल होतात. जुनं पॅकिंग पितळी पट्टीने खरवडा आणि त्याआधी हाऊसिंगच्या नळीत चिंधी कोंबा. ग्राइंडरची घासणारी चकती इथे नको, तिचे कण थेट बेअरिंगमध्ये जातात. डिझेलने धुतलं तर तेलकट थर मागे राहतो. शेवटचा हात ब्रेक क्लीनरचा. बंद तळाच्या बोल्टच्या भोकात तेल साचलेलं नाही ना, हेही बघा. साचलं असेल तर बोल्ट तेलावरच अडतो, टॉर्क पाना आवळण्याचा जोर पुरा दाखवतो आणि सांधा मात्र सैलच राहतो. कधी कास्टिंगलाच तडा जातो.

सीलंट (सांधा बंद करणारी पेस्ट) वापरायचं तर २-३ मिलिमीटरची एकसंध दोरी, भोकांच्या आतल्या बाजूने वळवून. जास्त लावलं की आत पिळून निघालेले धागे तुटून तेलात फिरतात. आरपार भोकांतल्या बोल्टच्या आट्यांनाही सीलंट हवं, नाहीतर तेल आट्यांवरून चढून बाहेर येतं.

सेमी फ्लोटिंगला क्रम चुकवू नका: बेअरिंग दाबण्याआधी रिटेनर प्लेट (बेअरिंग जागेवर धरणारी), आणि सील त्याच बाजूने येत असेल तर तेही, शाफ्टवर चढलेलं हवं. विसरलात तर बेअरिंग अडवणारी नवी रिंग कापून पुन्हा सगळं करावं लागतं. ज्या एक्सलमध्ये शाफ्टचा आत-बाहेर खेळ पॅकिंगच्या किंवा शिमच्या (पातळ पत्र्याच्या) जाडीवर ठरतो, तिथे जाडी बदलू नका.

कॅरिअर बसवण्याआधी बॅकलॅश (गिअरच्या दातांमधला मोकळा खेळ) डायल गेजने मोजून घ्या, नाहीतर नंतर शाफ्ट पुन्हा उपसावे लागतात. शाफ्ट सरकवताना वजन हाताने पेला, सीलच्या ओठावर टेकू देऊ नका. स्प्लाइन जुळत नसतील तर पिनियनची फ्लँज हळू फिरवा. नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा. ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारी वाट) मोकळा आहे ना ते फुंकून पाहा. तुंबलेला ब्रीदर दाब वाढवतो आणि चांगलं सील ओकायला लावतो. सीलंट सुकल्यावर, गाडी सपाट जागेवर असताना, भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल भरा. थोडं चालवून थांबा आणि पातळी पुन्हा बघा, कारण नळ्यांत आणि हबमध्ये तेल गेल्याने ती उतरलेली असते.