दुकानाचा अलार्म रात्री उगाच कोकलू नये म्हणून

सोलापुरातल्या नवी पेठेसारख्या भागात खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. रात्री दोनला अलार्म सुरू झाला की वरची तान्ही पोरं, आजारी माणसं जागी होतात आणि मालक विजापूर रोडला गाढ झोपेत. हे टाळता येतं.

बहुतेक वेळा चोर नसतोच. शटर सैल असेल तर वाऱ्याने हलतं, त्यावरचं चुंबक सेन्सरपासून सरकतं आणि भोंगा वाजतो. कुलूप लावल्यावर शटर हाताने हलवून बघा. खडखडलं तर आधी ते दुरुस्त करा. आतला हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. त्याच्या काचेवरून पाल फिरली तरी पुरे! दर महिन्याला कोरड्या फडक्याने जाळी-जळमटं पुसा. बॅटरी उतरली की वीज जाता-येता काही अलार्म आपोआप वाजतात, तीनेक वर्षांनी ती बदलाच.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमर. पाच मिनिटांत भोंगा बंद आणि मालकाला फोन, असं सेटिंग मेकॅनिककडून करून घ्या. शटरवर दोन मोबाइल नंबर रंगवा, त्यातला एक जवळ राहणाऱ्याचा.

शेजारचा अलार्म वाजला तर लांबूनच कुलूप बघा, संशय आला तर 112. वायर तोडू नका. कित्येक भोंग्यांना स्वतःची बॅटरी असते, ते आणखी बोंबलतात. रोजचाच त्रास असेल तर तारीख-वेळ लिहून, रेकॉर्डिंगसह पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे.