वादळात ग्रिड गेली तर: अणुवीज केंद्रातल्या नव्या पाळीसाठी

कंट्रोल रूममध्ये नव्याने बसणाऱ्या इंजिनिअरांसाठी हे लिहितो आहे. माझी नोकरी अणुवीज केंद्राच्या विद्युत विभागात झाली, त्यातली बरीचशी पाळीतच. तुमच्या केंद्राची लेखी कार्यपद्धती तुमच्यापुढे असेलच, आणि ऐनवेळी तिचाच शब्द शेवटचा. ती हातात घेण्याआधी डोक्यात काय पक्कं असावं, तेवढंच मी सांगतो.

आधी एक हिशेब पाठ करा. भट्टी बंद झाली की विखंडन थांबतं, पण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देतच राहतात. 3000 मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी बंद होताक्षणी अंदाजे 200 मेगावॅट उष्णता देत असते, तासाभराने 40 ते 45 आणि दिवसभराने 15च्या आसपास. 15 मेगावॅटने ताशी सुमारे 20 टन पाण्याची वाफ होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी सेकंदाला सहा लिटर पाणी योग्य जागी पोचलं तरी इंधन सुरक्षित राहतं. या आकड्याने मला नेहमी धीर दिला, कारण तो एका साध्या पंपाच्या आवाक्यातला आहे. तो पंप चालू राहील आणि त्याला पाणी मिळत राहील, यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

जड पाण्याच्या भट्ट्यांत आम्ही विजेचे चार वर्ग मानतो. क्लास फोर म्हणजे ग्रिड, अर्थात बाहेरचं वीजजाळं, आणि आपला स्वतःचा टर्बाइनवरचा जनरेटर. क्लास थ्रीला डिझेल जनरेटरचा, म्हणजे डीजीचा आधार. क्लास टू ही इन्व्हर्टरवरची अखंड एसी आणि क्लास वन ही बॅटरीची डीसी. इतर प्रकारच्या केंद्रांत नावं वेगळी असतात, उतरंड हीच. वादळ क्लास फोर नेतं आणि त्याची तयारी प्रत्येक केंद्राने केलेली असते. खरी धास्ती वेगळी आहे. जे वादळ वाहिन्या पाडतं, तेच डीजीच्या हवेच्या झडपांवर, डिझेलच्या टाकीवर, पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर आणि पुढच्या पाळीच्या रस्त्यावरही येतं. म्हणून प्रत्येक पर्यायी साधनापाशी उभं राहून विचारा: ग्रिड पाडणारा वारा किंवा पाणी इथवर पोचेल का?

11 मार्च 2011 रोजी फुकुशिमा दाइचीत भूकंपाने ग्रिड तोडली, पण डीजी सुरू झाले होते. ते बुडवले त्यानंतर आलेल्या त्सुनामीने. सहाव्या युनिटचा हवेने थंड होणारा एक डीजी सेट बचावला आणि त्या एकट्याच्या जोरावर पाचवं आणि सहावं युनिट वाचलं. तो समुद्राच्या पाण्यावर अवलंबून नव्हता, हे महत्त्वाचं. 24 ऑगस्ट 1992 रोजी अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्रावरून गेलं, तेव्हा बाहेरची वीज पाच दिवसांहून जास्त काळ नव्हती. डीजींनी काम चोख केलं. पण उंचावरची पाण्याची टाकी कोसळली ती नेमकी अग्निशमनाच्या पाणीव्यवस्थेवर. तुमच्या आवारात काय कशावर पडू शकतं, हे पायी फिरून बघा. नकाशावर ते दिसत नाही.

वारा येण्याआधी

भट्टी आधीच बंद करायची का, हा पहिला निर्णय. माझं मत स्पष्ट आहे: चक्रीवादळाचा वारा केंद्रावर येणार हे नक्की असेल तर काही तास आधीच शांतपणे बंद करा. टर्की पॉइंटने तेच केलं होतं. चार तास आधी बंद केलेल्या भट्टीची उष्णता, ग्रिड जाते त्या वेळी, एक टक्क्याजवळ उतरलेली असते. पूर्ण भारावर असताना ग्रिड तुटली तर टर्बाइन, भट्टी आणि डीजी यांचं सगळं एकाच मिनिटात तुमच्या अंगावर येतं. ग्रिडवाल्यांना तुमचे मेगावॅट हवे असतात, म्हणून त्यांच्याशी बोलणं वेळेवर सुरू करा.

मग डीजी. इथे घाई करू नका. प्रत्येक सेटजवळ जाऊन हाताने बघा. जॅकेट वॉटर, म्हणजे इंजिनाभोवतीचं पाणी, कोमट आहे ना? हीटर बंद पडून इंजिन गार असेल, तर काही सेकंदांत भार घेताना ते कुरकुरतं. स्टार्टिंग एअरच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या, बाटल्यांचा दाब गेजवर स्वतः वाचा. डे टँकचा, म्हणजे सेटजवळच्या छोट्या डिझेल टाकीचा, तळाचा ड्रेन उघडून काचेच्या बरणीत नमुना घ्या आणि उजेडात धरा. तळाशी पाण्याचा थर किंवा गढूळपणा दिसला तर पाणी काढून टाका आणि पुन्हा नमुना घ्या. टाकीच्या व्हेंटमधून पावसाचं पाणी शिरतं, ते असंच सापडतं. मोठ्या टाकीचा हिशेबही कागदावर मांडा: 5 मेगावॅटचा सेट पूर्ण भारावर ताशी सुमारे बाराशे लिटर डिझेल खातो, म्हणजे सात दिवसांना दोन लाख लिटर. टँकर येईल, हे धरून चालू नका. रस्ता असेलच असं नाही.

स्विचयार्डातलं, म्हणजे वाहिन्या केंद्राला जोडल्या जातात त्या आवारातलं, सुटं सामान, पत्रे, मचाणाचे पाइप, प्लॅस्टिकचे कागद उचला किंवा बांधा. केबल खंदकांची झाकणं आणि डीजी इमारतीची पूरदारं बंद करून बघा. बंद होतात असं ऐकून समाधान मानू नका.

माणसांचं नियोजन मागे पडतं आणि नंतर तेच सगळ्यात जास्त छळतं. दोन पूर्ण पाळ्या आत मुक्कामाला ठेवा. एक काम करेल, दुसरी खरोखर झोपेल. त्यांच्या घरच्यांची सोय आधी लागू द्या. घर पाण्यात आहे की नाही हे माहीत नसलेला ऑपरेटर पॅनेलकडे बघतो, पण त्याचं लक्ष तिथे नसतं. 27 डिसेंबर 1999 रोजी फ्रान्समध्ये ब्लाये केंद्रात वादळाने वाहिन्या पाडल्या, जिरोंद खाडीचं पाणी बंधारा ओलांडून पंपांपर्यंत आत आलं आणि बाहेरून मदत यायचे रस्तेही पाण्याखाली गेले.

ग्रिड जाते तेव्हा

दिवे मिणमिणतात, डीजी सुरू होतात, भार ठरलेल्या क्रमाने एकेक चढतो. हात मागे ठेवा आणि क्रम पूर्ण होऊ द्या. मग बसचं (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीचं) व्होल्टेज, शीतलीकरणाचा प्रवाह, बाष्पजनित्रांतली (भट्टीच्या उष्णतेने वाफ करणाऱ्या भांड्यांतली) पाण्याची पातळी, याच क्रमाने वाचा.

पूर्ण गेलेल्या विजेपेक्षा अर्धवट गेलेली वीज वाईट. 30 जानेवारी 2012 रोजी अमेरिकेतल्या बायरन केंद्रात स्विचयार्डातला एक इन्सुलेटर तुटून तीनपैकी एक फेज गेली. बिघाड ओळखणाऱ्या तिथल्या संरक्षण रिलेंना ती वीज 'आहे' असंच वाटत राहिलं, त्यामुळे डीजीकडे बदल झाला नाही आणि मोटारी एकामागून एक ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. सुमारे आठ मिनिटांनी ऑपरेटरांनी स्वतः ब्रेकर उघडला, तेव्हा डीजींनी भार घेतला. म्हणून वादळात तिन्ही फेजचं व्होल्टेज वेगवेगळं वाचा. मोटारी कारण नसताना ट्रिप होऊ लागल्या तर खराब ग्रिड सोडण्याचा अधिकार तुमच्या कार्यपद्धतीत कुणाला आहे, हे आजच बघून ठेवा.

पुढचे तास पाण्याचे. 10 ऑगस्ट 2020 रोजी आयोवातल्या डुआन अरनॉल्ड केंद्राची सगळी बाहेरची वीज वादळी वाऱ्याने नेली. डीजी चालू झाले, पण नदीतून आलेल्या कचऱ्याने आणीबाणीच्या पाण्याचा एक गाळणा तुंबू लागला आणि ऑपरेटरांना तो वळसा घालून बाजूला काढावा लागला. डीजीलाच थंड करणारं पाणी बंद झालं तर डीजीही जातो. गाळण्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दर अर्ध्या तासाला लिहा. आकडा चढताना दिसला की माणूस पाठवा, अलार्मची वाट बघू नका.

डीजीही गेले तर

याला स्टेशन ब्लॅकआउट म्हणतात. बॅटऱ्या केंद्रानुसार काही तास टिकतात, म्हणून बिनगरजेचे डीसी भार पहिल्या अर्ध्या तासातच काढा. जड पाण्याच्या भट्टीत पंप थांबले तरी गरम पाणी वर आणि थंड खाली अशा नैसर्गिक अभिसरणाने उष्णता बाष्पजनित्रांपर्यंत जात राहते. तिथलं पाणी मात्र आटत जातं. मग वाफेचे व्हॉल्व्ह वातावरणात उघडून बाष्पजनित्राचा दाब उतरवायचा आणि डिझेलवरच्या अग्निशमन पंपाने त्यात पाणी भरायचं. दाब उतरवल्याशिवाय हा पंप पाणी आत ढकलू शकत नाही, हा क्रम विसरू नका. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनच्या आगीत केबली जळून केंद्र 17 तास अंधारात होतं, तेव्हा याच मार्गाने भट्टी थंड राखली गेली. तिथल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. हे व्हॉल्व्ह हाताने कुठून उघडतात, तिथे जिना कुठला, पाना कोणता, हे अंधारात टॉर्च घेऊन एकदा करून बघा.

वापरलेलं इंधन पाण्यात ठेवतात तो तलाव तापायला बहुधा पुष्कळ वेळ असतो. तरी पातळी आणि तापमान प्रत्येक पाळीत लिहा.

ग्रिड परत येताना

फोन येईल, 'लाइन चार्ज केली, घ्या.' लगेच घेऊ नका. आधी इन्सुलेटर बघा. समुद्राकाठी त्यांवर मिठाचा थर बसलेला असतो, तो धुतला नाही तर फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरवरून उडी मारते. व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी काही काळ स्थिर राहिलेली दिसू द्या. मग एकेक बस सिंक्रोनाइझ करून, म्हणजे डीजीच्या विजेची लय ग्रिडशी जुळवून, ग्रिडवर आणा आणि दुसऱ्या बसवरचा डीजी तोवर चालू ठेवा. बराच वेळ हलक्या भारावर चाललेल्या सेटच्या एक्झॉस्टमध्ये न जळलेलं इंधन साचतं, म्हणून बंद करण्याआधी त्याला थोडा वेळ चांगला भार द्या. सेट थांबला की त्याच पाळीत डे टँक भरा, एअरच्या बाटल्यांचा दाब पूर्ण करा, फिल्टर बदला आणि सेट पुन्हा ऑटोवर असल्याची सही लॉगबुकात घ्या. वादळानंतरच्या पहिल्या दिवसांत तात्पुरत्या दुरुस्त केलेल्या वाहिन्या पुन्हा पडू शकतात.