मोटर चालते तिथे ‘रन’

दहावीच्या पोट्ट्यांना ‘रन’चा अर्थ विचारला की ‘धावणे’, नाहीतर क्रिकेटची रन. मग ‘विहिरीवरची मोटर चालत नाही’ याचं इंग्रजी करायला सांगा. ‘मोटर इज नॉट वॉकिंग!’ काऊन बे, मोटरीला पाय फुटले काय?

दारव्ह्याकडे मी दिवसा कृषी केंद्र चालवतो, संध्याकाळी शिकवणी घेतो. पोरांना सांगतो, आपण ‘चालते’ म्हणतो पण पायाचं काम नसतं, तिथं आधी ‘रन’ लावून पाहा. रात्री थ्री-फेज आली, मोटर पहाटेपर्यंत चालली: द पंप रॅन टिल डॉन. इंजिन डिझेलवर चालतं: इट रन्स ऑन डिझेल. आपली शकुंतला रेल्वे चालायची तेव्हा: शकुंतला रॅन बिटवीन यवतमाळ अँड मूर्तिजापूर.

‘चालवणे’ आलं की मात्र जपून. दुकान, बचत गट, शाळा: रन. पण कार ड्राइव्ह करतात, मोटरसायकल राइड करतात. एसटीत दोन्ही सापडतात. ड्रायव्हर बस ड्राइव्ह करतो, महामंडळ बसेस रन करतं. कारभार ज्याच्याकडे, ‘रन’ त्याचं. आणि ‘चालते ना बाप्पा’ म्हणजे हरकत नाही, तिथं ‘रन’ नाहीच. ‘दॅट्स फाइन’ म्हणायचं.

नाक वाहतं, वर्धा नदी वाहते, तिथंही रन. धुण्यात लुगड्याचा रंग गेला, तरी द कलर रॅन. निवडणुकीला अमेरिकन माणूस ‘रन’ करतो. ब्रिटिश आपल्यासारखाच उभा राहतो, ‘स्टँड’.

हंगामात आमच्या धंद्यातलं वाक्य म्हणजे युरिया संपला. दुकानदार बोलला तर ‘वुई हॅव रन आउट ऑफ युरिया’. युरियापासूनच सुरुवात केली तर ‘द युरिया हॅज रन आउट’, मागे ‘ऑफ’ नको. पोरं इथं हटकून ‘ऑफ’ चिकटवतात. ‘हॅज रॅन’ही चूक. रूपं तीन: रन, रॅन, रन. ‘रन्ड’ कुठंच नाही.

शेवटी ‘इंटू’ आणि ‘ओव्हर’. ‘आय रॅन इंटू युवर अंकल’ म्हणजे बाजारात तुझे काका अचानक भेटले. ‘आय रॅन ओव्हर युवर अंकल’ म्हटलंत, तर काका गाडीखाली आले.