पुण्यातनं हिमाचलला कायमचं राहायला जाताय? आधी हे वाचा
पहिलं म्हणजे जमीन घ्यायची घाई अजिबात करू नका. तिथल्या 1972 च्या जमीन कायद्यात कलम 118 आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि आपला गावाकडचा सातबारा दाखवून काही होत नाही, तिथलाच शेतकरी असावा लागतो. म्हणून आधी भाड्यानं राहा, आणि घर बघायला मे महिन्यात नाही तर जानेवारीत जा. पुण्याची थंडी म्हणजे स्वेटर घातला की झालं, तिकडे उंचावरच्या गावांत रात्री पाईपातलं पाणी गोठतं, म्हणून झोपताना नळ बारीक धारेनं चालू ठेवायचा आणि दोन बादल्या घरात भरून ठेवायच्या. खोलीत ऊन किती वेळ येतं ते विचारा, लाकडावरचा तंदूर (तिकडे खोली गरम करायच्या शेगडीला म्हणतात) असेल तर त्याची धुराची नळी नीट बाहेर काढलीये ना ते स्वतः बघा, यात जिवाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात, आईबाबा सोबत असतील तर बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या जवळ ठेवाच प्लीज. आणि हो, कुकर न्या, उंचावर उघड्या पातेल्यात तूरडाळ लवकर शिजत नाही.